हाताच्या उंचीपर्यंत ओल

नवलनं अट घातली तेव्हा त्याला वाटलं होतं, आई आठ दिवस रुसेल आणि विषय मिटेल.

"घर घे," तो म्हणाला होता, "पण आधी इंजिनिअरकडून पायापासून धाब्यापर्यंत तपासणी. अहवालात एक जरी खोट निघाली, तर आमळखेड्याचं नाव पुन्हा काढायचं नाही."

भिकुबाई रुसली नाही. ताटातला शेवटचा घास तोंडात घालून तिनं विचारलं, "आन नही निंघनी ते?"

"तर तुझी पेटी मी माझ्या खांद्यावरून नेऊन ठेवीन!"

धुळ्यात हार्डवेअरचं दुकान चालवणारा, पंचेचाळिशीचा, चार लोकांत वजन असलेला माणूस असं बोलून गेला. पैसे भिकुबाईचे स्वतःचे होते, त्यावर कोणाला बोलता येत नव्हतं. मग बोलायला उरलं होतं फक्त घर, आणि घराची खोट काढायला नवलनं धुळ्यातली सगळ्यात कडक इंजिनिअर शोधून काढली.

ही इंजिनिअर म्हणजे मंतशा, नूर महंमद गवंड्याची मुलगी. पदवी घेतल्यावर तिनं पहिली तपासणी केली ती बापानं बांधलेल्या स्वतःच्या घराची, आणि पुढचा सज्जा धोकादायक ठरवून पाडायला लावला. बाप आठ दिवस तिच्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी स्वतःच घण घेऊन सज्ज्यावर चढला. अशी मुलगी आमळखेड्याचं सत्तर वर्षांचं मातीचं घर पास करणं शक्यच नव्हतं. त्या सकाळी दोंडाईच्याच्या रस्त्यानं गाडी हाकताना नवल चक्क शीळ घालत होता.

शेजारी मंतशा मांडीवर बॅग घेऊन बसली होती. मागे भिकुबाई, नवलची बायको किरण आणि आईच्या बाजूनं भांडायला म्हणून चाळीसगावहून पहाटेची गाडी पकडून आलेली बहीण सुलक्षणा. सुलक्षणा मूठ आवळून तयार होती, फक्त भांडण अजून सुरू व्हायचं होतं.

"दादा, तू शीळ का घालतोयस?" तिनं मागून विचारलं.

"हवा छान आहे," नवल म्हणाला.

हवा खरंच छान होती. थंडी पडली होती, आणि आमळखेड्यात घराचे मालक झुलालभाऊ यांनी अंगणात पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकली होती. स्वतः ते दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे स्लॅबच्या घरात गेले होते, पण भरताचा घाट त्यांनी मुद्दाम जुन्या अंगणात घातला होता. गिऱ्हाईक घर बघायला येतं तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी गेलेलं असावं, असं त्यांचं मत होतं.

"मी काम करते तेव्हा बोलत नाही," ओट्यावर बॅग उघडत मंतशानं सगळ्यांना सांगितलं. "कोणी मध्ये विचारलेलंही मला चालत नाही. पूर्ण झालं की एकदाच सांगते."

"आन जेवन?" झुलालभाऊ घाबरले. "सोळा वांगा भाजी ठेयेल शेतस, बाई."

"जेवते ना. भरीत सोडून कोण जाईल?"

झुलालभाऊंचा जीव भांड्यात पडला. मंतशानं बॅगेतून एकेक वस्तू काढून मांडली. टॉर्च, हातोडी, लेसरचं यंत्र, ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र, आणि सगळ्यात शेवटी बापाचा जुना पितळी ओळंबा. लेसरवर तिचा विश्वास होता, पण ओळंबा तिनं घरी कधी ठेवला नव्हता.

पहिल्या खोलीत भिंतीला सुया टेकल्या आणि यंत्र ओरडलं. टूं.

मंतशानं वहीत काहीतरी लिहिलं, दोन पावलं सरकून पुन्हा सुया टेकल्या. टूं. कोपऱ्यात टूं. खिडकीखाली टूं. मधल्या खोलीत गेली, तिथंही टूं. चुलीच्या खोलीत तर सुया टेकल्या टेकल्या.

नवलनं चेहरा पाडायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्याला ते जमेना. प्रत्येक टूं ऐकून त्याच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. शेवटी तो तोंडावर रुमाल धरून खोकला.

"अगोबाई, सगळीकडेच?" सुलक्षणाची आवळलेली मूठ हळूहळू सुटली. "दादा, हे तर आतपर्यंत ओलं आहे रे."

"मी काही बोलतोय का?" नवल रुमालातून म्हणाला. "यंत्रच बोलतंय."

"आईच्या गुडघ्यांना हे कसं सोसायचं?"

"तूच विचार आईला. तुझं ऐकते ती."

आणि धुळ्यापासून आईची असलेली सुलक्षणा तिसऱ्या खोलीत पोहोचेपर्यंत भावाची झाली. तिला त्यात काही गैर वाटलं नाही. तिचं प्रेम खरं होतं, फक्त त्याला एका जागी बसायची सवय नव्हती.

भिकुबाई दाराच्या आड उभी होती. यंत्र ओरडलं की ती आणखी मागे सरकत होती, कारण ती ओल कुठून आली हे त्या घरात उभ्या असलेल्यांपैकी तिला आणि झुलालभाऊंनाच माहीत होतं.

काल सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून ती घराबाहेर पडली आणि दोंडाईच्याच्या एसटीत बसली. झुलालभाऊंकडून किल्ली घेतली, शेण घेतलं, पांढरी माती घेतली, कोणाला सांगणार नाही अशी त्यांना शपथ घातली आणि पदर खोचला. उद्या धुळ्याहून एवढी शिकलेली मुलगी घर बघायला येणार आणि भिंती अशा पोपडे निघालेल्या? मुलगी दाखवायची असली तर आपण तिची वेणी तरी घालतोच की. एवढाच विचार तिनं केला होता. भिंतीची ओल मोजायला यंत्र येतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

याच घराच्या मागच्या खोलीत ती आणि तिचा नवरा वना अकरा वर्षं भाड्यानं राहिले होते. नवल तिथंच जन्मला. मागची खोली ती दर आठवड्याला सारवायची, पण पुढच्या खोल्यांना हात लावायची सोय नव्हती, त्या मालकांच्या होत्या. काल तिनं पहिल्यांदा पुढच्या खोलीच्या भिंतीवर ओला तळवा ठेवला आणि एकटीच खुदकन हसली. आधी एक भिंत झाली, मग दुसरी, मग थांबवेना. पाणी आणून देता देता झुलालभाऊ दमले. शेवटची एसटी चुकेल म्हणून उरलेलं अर्धं घमेलं ओल्या गोणपाटाखाली झाकून ती निघाली, तेव्हा तिचे खांदे भरून आले होते आणि ती वयात आलेल्या पोरीसारखी खूश होती.

एक गोष्ट सोडून. मधल्या खोलीतल्या खांबाच्या पायाशी सारवता सारवता तिचं बोट दोन पेरं आत गेलं. लाकूड आतून पोकळ होतं, वाळवीनं खाल्लेलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, भोकात माती कोंबली आणि वरून गुळगुळीत हात फिरवला. भिंतीच्या भेगा तिनं सफाई म्हणून बुजवल्या होत्या. ही मात्र लबाडी होती, आणि ती करताना तिला पुरतं कळत होतं.

मंतशा शिडीनं धाब्यावर गेली. त्या सपाट मातीच्या छतात तिनं लोखंडी गज खुपसला. गज जात राहिला. वीत गेला, दोन विती गेला, कोपरापर्यंत गेला तरी लाकूड लागेना. तिनं स्वतःचाच नियम मोडून खाली हाक मारली.

"झुलालभाऊ, धाब्यावर माती किती वेळा टाकलीत?"

"दरसाल!" झुलालभाऊंनी छाती पुढे काढली. "पावसाळाना आगोदर खारी माती टाकतसच. मन्हा बाप टाके, मी टाकस. एक साल चुकेल नही."

"आणि जुनी काढता?"

"काढानी कसाले? चांगली माती शे!"

मंतशा धाब्याच्या मध्यावरून कडेकडे सरकली आणि भिंतीच्या अंदाजानं पाय ठेवत खाली उतरली. सत्तर वर्षांचे सत्तर थर त्या बिचाऱ्या तुळया डोक्यावर घेऊन उभ्या होत्या.

खाली आल्यावर तिनं मधल्या खोलीत पुन्हा सुया टेकल्या. या वेळी खालून वर, वीतवीतभर अंतरानं. टूं, टूं, टूं, आणि मग एकदम चूप. जिथं यंत्र चूप झालं तिथं तिनं खडूची खूण केली. दुसऱ्या भिंतीवर तेच केलं, तिसऱ्या भिंतीवर तेच. खुणा जोडल्या तर तिन्ही भिंतींवर सरळ एक रेघ झाली.

जमिनीतून चढलेली ओल असं करत नाही. ती एका कोपऱ्यात गुडघ्याएवढी असते, दुसऱ्यात कमरेएवढी. मंतशानं टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. उजेडात सारवणाच्या कमानी उठून दिसल्या, चार चार बोटांच्या, आणि प्रत्येक कमानीच्या शेवटी बांगडीचा बारीक ठसा होता. तिनं मान वळवून दाराआडच्या भिकुबाईकडे पाहिलं.

"अक्का, हात वर करा बरं जरा."

"खांदा दुखस वं माय," भिकुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

मंतशाला हसू आवरेना. कामाच्या वेळी हसायचं नाही म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"काल ना?"

"...व्हय. पोरले सांगजो नको."

"मी कोणाला काही सांगत नाही. भिंत काय म्हणते तेवढं लिहिते."

"काय म्हणस ती?"

"म्हणते, पंधरा दिवसांनी या. वाळल्यावर बोलू."

भिकुबाईच्या अंगातून भीती सर्रकन उतरली. तेवढ्यात खांबाची गोष्ट तिच्या ओठावर आली, पण ती तिनं गिळली. पंधरा दिवस मिळाले होते, आत्ताच कशाला?

बाहेर अंगणात मात्र पंधरा मिनिटंही थांबायला कोणी तयार नव्हतं. नवलनं ओट्यालगतच्या भिंतीवर सहज नख मारलं होतं आणि नखात ओलं शेण आलं होतं.

"झुलालभाऊ, हे सारवण कधीचं?"

झुलालभाऊ भरीत ठेचायच्या लाकडी बडगीतल्या वांग्यांकडे बघू लागले. त्यांची बायको लाकडी मुसळानं वांगी ठेचत होती. ती जास्तच जोरात ठेचू लागली.

"मी तुम्हाला विचारतोय. भेगा झाकल्या ना तुम्ही?"

"मी भितले हात बी लायेल नही," झुलालभाऊ म्हणाले. हे खरं होतं. त्यांनी फक्त पाणी आणलं होतं.

"मग भिंत आपोआप सारवली गेली?"

झुलालभाऊंनी दाराकडे पाहिलं. दारात भिकुबाई उभी होती. शपथ शपथ असते.

"व्हई जास कधी कधी," ते म्हणाले.

"काका!" सुलक्षणाचा आवाज चढला. "लहानपणी तुमच्या अंगणात खेळलोय आम्ही. आणि तुम्ही आमच्या आईला फसवायला निघालात?"

मुसळ थांबलं. झुलालभाऊंचा चेहरा जाळातल्या वांग्यासारखा झाला. आयुष्यात त्यांना कोणी फसवा म्हटलं नव्हतं, आणि तेही भरताच्या दिवशी.

"आगोदर जेवी ल्या," ते कसेबसे म्हणाले. "मंग काय म्हनानं ते म्हना."

"जेवायचं नाही. गाडीत बसा सगळे," नवल म्हणाला. त्याला राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा त्याला सुटल्यासारखं जास्त वाटत होतं.

किरण मात्र जागची हलली नाही. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. सगळ्या नातेवाइकांची खात्री होती की सासू गावी जाणार म्हणून सून मनातून खूश आहे. तसं काही नव्हतं. संध्याकाळी सासूबाई शेजारी नसल्या तर किरणला मालिकेतलं निम्मं कळतच नसे. पण काल जेवताना सासूबाईंच्या नखांकडे तिचं लक्ष गेलं होतं, आणि त्यांचा चेहरा इतका उजळ तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला होता.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "काल डोळ्यांच्या डॉक्टरनं तुम्हाला शेण लावायला सांगितलं होतं का?"

नवलचा हात गाडीच्या दारावर तसाच राहिला.

भिकुबाई पाठ फिरवून आत गेली. सगळे तिच्यामागे आत घुसले. मधल्या खोलीत खडूच्या रेघेखाली ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि उजवा हात भिंतीवर वर नेला. बांगड्या कोपराकडे घसरल्या. बोटांची टोकं रेघेला जाऊन टेकली, ना एक बोट खाली ना एक बोट वर.

"हाई रेघ देख, नवल," ती म्हणाली. "जठलगून मन्हा हात पोहचस, तठलगून भित वली शे. मी सारवेल शे काल. झुलालभाऊले मीच शपथ घाली व्हती. त्यासले फसवा म्हननारा तुम्ही कोन रे?"

आधी किरणला हसू फुटलं. मग सुलक्षणाला, आणि ती हसता हसता झुलालभाऊंच्या पाया पडली. झुलालभाऊंना एवढं मोकळं वाटलं की ते "मी सांगेल नही, मी सांगेल नही!" असं ओरडत खोलीभर फिरले. बाहेर मुसळ पुन्हा सुरू झालं.

भिकुबाई हसत नव्हती. झुलालभाऊंचा तो करपलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. उद्या खांबातलं ते भोक सापडलं असतं, तर नाव त्यांचंच खराब झालं असतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली आणि खांबाच्या पायाशी नखांनी माती उकरू लागली. ओला गोळा बाहेर आला, मागून लाकडाचा भुसा सांडला.

"आन हाई मी दपाडी ठेयेल व्हतं," ती म्हणाली. "भेगा सफाईकरता बुज्यात. हाई खोट मी जानीसन झाकी. झुलालभाऊले बी म्हाईत नव्हतं. एक खोट निंघनी, नवल. आते तू जिकना."

जिंकल्याचा आनंद नवलला शोधूनही सापडेना. तो खांबाकडे बघत राहिला.

मंतशा गुडघ्यावर बसली. तिनं भोकात सळई घातली, बाकीचे पाच खांब हातोडीनं वाजवून पाहिले, मग वहीचं कोरं पान उघडलं. "अक्का, भेगा किती बुजवल्या, आठवतं?"

"आठवस नही ते काय?" भिकुबाईनं डोळे मिटले आणि उजवा तळवा हवेत फिरवू लागली. "देवघरना मांगे एक, बोट जाई इतली. खिडकीना खाले दोन, केससारख्या बारीक. चूलना कोपराले एक वाकडी, ती वरलगून जास. मांगली खोलीमा एकबी नही, ती मी आकरा वरीस सांभाळेल शे."

ती सांगत गेली आणि मंतशा लिहीत गेली. चौदा भेगा झाल्या. भिंती फुगलेल्या कुठे आहेत, पोकळ कुठे वाजतात, उंदराचं बीळ कुठे आहे, सगळं त्या तळव्याला पाठ होतं.

"यंत्राला हे पंधरा दिवसांनीही कळलं नसतं," मंतशा म्हणाली आणि उठली. "आता सांगते, एकदाच. पाया चांगला आहे. भिंती ओळंब्यात आहेत. ओल खरी किती ते वाळल्यावर कळेल, पण रेघेच्या वर कोरडं आहे, हे चांगलं लक्षण. हा खांब बदलावा लागेल. आणि धाब्यावरची हातभर माती उतरवून चार बोटं ठेवावी लागेल, नाहीतर एक दिवस ती स्वतःच उतरेल. दोन खोटी आहेत. दोन्ही दुरुस्त होऊ शकतात."

"मन्हा बापनी माती?" झुलालभाऊ कळवळले, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे नवलकडे बघत होते. अट एका खोटीची होती, आणि निघाल्या होत्या दोन.

"दादा," सुलक्षणा पुन्हा आईकडे आली होती, "काहीतरी बोल ना."

"लोक काय म्हणतील, आई?" नवल शेवटी म्हणाला. हे त्याच्या मनात तीन महिने होतं आणि तो ओल, धाबं, वाळवी सगळं बोलला होता, एवढंच बोलला नव्हता. "म्हणतील, नवलनं आईला घराबाहेर काढलं. मला ते ऐकवणार नाही."

भिकुबाई त्याच्याकडे बघत राहिली. एवढा मोठा माणूस, आणि एवढ्याशा गोष्टीला घाबरून त्यानं धुळ्याहून इंजिनिअर आणली.

"येडा," ती म्हणाली. "लोके म्हनतीन, नवलना मायनं सोतानं घर शे. मी आकरा वरीस भाडानी खोली सारवी, मंग जेठना घरनी, मंग तुन्हा फ्लॅटले ते मातीच नही. एक डाव मन्ही म्हनीसन भित सारवानी व्हती रे. काल सारवी. घर नही भेटनं तरी मन्ही हाऊस फिटनी."

तिनं ते खरंच तसं म्हटलं होतं, तक्रारीशिवाय. नवल भिंतीजवळ गेला. रेघेखाली सगळं गुळगुळीत, पिवळसर, ओलं. रेघेवर छतापर्यंत दोन हात जुने पोपडे.

"वर का नाही सारवलंस?"

"हात पुरना नही. डबावर चढी पाह्यं, ते डबा हालना."

"आणि माती संपली?"

"ना. आर्धं घमेलं राही गये. तठे, दारना मांगे."

नवलनं दारामागून घमेलं ओढलं, गोणपाट काढलं. किरणनं न बोलता त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. त्यानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, शेणामातीत हात घातला आणि टाचा न उचलता रेघेच्या वर पहिला फराटा मारला.

"अहो! अहो, काय करताय?" मंतशा ओरडली. "भिंत वाळू द्या! पंधरा दिवस कोणी हात लावायचा नाही!"

"महिन्यानं या, मॅडम," नवल मागे न बघता म्हणाला.

मंतशानं कपाळाला हात लावला, मग राहवेना म्हणून यंत्र उंच धरून रेघेच्या वर सुया टेकल्या. टूं. सुलक्षणा टाळ्या वाजवू लागली. अंगणातून झुलालभाऊंची बायको ओरडली, "भरीत व्हई गयं, या लवकर!", पण कोणी हललं नाही. नवल एका भिंतीवरून दुसरीवर गेला, घाम पुसताना त्याच्या कपाळाला शेण लागलं, आणि तो पुन्हा शीळ घालू लागला.

भिकुबाई त्याच्यामागे हाताची घडी घालून उभी राहिली. घरमालकिणीनं मजुराचं काम बघावं तसं तिनं भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

"कोपरा राही गया, नवल."